नदी उतरत चालल्याचा पुरावा

३ जुलै १९८३
सोनपेठजवळ बदली. क्वार्टर अगदी नदीच्या काठावर. खिडकीतून पाणी दिसतं. खिडकी बंद केली. भीती नाही, उजेडानं डोळे दुखतात.

५ जुलै
बायकोचा हट्ट, वर देवळाजवळ खोली बघा. नाव नर्मदा आणि घाबरते नदीला! म्हटलं, सरकारी माणूस पुराव्यावर चालतो.

९ जुलै
ऑफिसात वीस वर्षांच्या पाणीपातळीचं रजिस्टर सापडलं. नदीकाठी आकडे कोरलेला दगड आहे म्हणे. पाणी कोणत्या आकड्यापर्यंत आलं ते शिपाई बिरू रोज बघून लिहितो. यावरून नदी चढतेय की उतरतेय याची टेस्ट करणार. त्याआधी दगड स्वतः बघायचा. उद्या नक्की.

१० जुलै
चपलेचा अंगठा तुटला. गेलो नाही. रजिस्टर पुरेसं आहे.

१७ जुलै
टेस्ट पूर्ण. प्रत्येक वर्ष पुढच्या प्रत्येक वर्षाशी ताडून पाहिलं. चढलं तर अधिक, उतरलं तर उणे. सगळीकडे उणेच! नदी वर्षानुवर्षं उतरत चाललीय. पूर आता गणितात बसत नाही. नर्मदेला समजावलं. ती म्हणाली, मग झोपेत दचकता कशापायी? म्हटलं, डास फार झालेत.

२ ऑगस्ट
पावसानं उघडीपच दिली नाही. शेजारचे व्यंकटराव बाडबिस्तरा घेऊन वर गेले. अडाणीपणा. छातीत धडधडतंय. चहा कमी करायला हवा.

५ ऑगस्ट, दुपार
उंबऱ्याच्या आत ओल. पाणी म्हणता येणार नाही.
बिरूला बोलावून रीडिंग विचारलं. म्हणाला, दगडाला पानी शिवलंच न्हाई सायब. जीव भांड्यात पडला. तेवढ्यात नर्मदेनं विचारलं, घरात पाणी अन् दगड कोरडा, तर दगड हाय तरी कुठं?
बिरू म्हणाला, देवळापाशी की. शेंदूर लागल्यापासून तो देव झालाय. देवाच्या पायाला गढूळ पानी लागलेलं बरं दिसतं का? म्हणून गावकरी दर आखाडात त्याला थोडं वर सरकवतात.
म्हणजे नदी उतरत नव्हती. देव चढत होता.
पाणी खाटेच्या पायाला लागलं. मला भीती वाटतेय. फार वाटतेय.

६ ऑगस्ट, सकाळ
देवळाच्या ओट्यावर आहोत. नर्मदेनं हाताला धरून पाण्यातून आणलं. पाणी माझ्या गळ्याला लागत होतं. ती म्हणते, गुडघाभर होतं.
आल्याबरोबर मी दगडापुढे आडवा पडलो. सगळं गाव बघत होतं. नर्मदेला नंतर सांगितलं की शून्याची खूण तळाला असते, ती वाचायला तेवढं वाकावंच लागतं.
ती म्हणाली, मग डोळे मिटले होते ते कशाला?