माधवीसाठी, सुंठ कमी

गुरुवार, दिवेलागणी. पेणकरपाडा

आज स्वतःचाच राग आलाय. स्वयंपाकघरातलं कपाट उघडलं, तर दाराच्या आतून आईने कागदाची पट्टी चिकटवलेली. ‘R7 = मेथीचे लाडू, माधवीसाठी, सुंठ कमी. R9 = नया नगरच्या रुखसानाची फिरनी.’

माझे लाडू, R7!

आई लॅपटॉपवर रेसिपी लिहिते आणि डब्यावर चिठ्ठी लावावी तशी अख्खी ओळ फाईलचं नाव म्हणून देते. त्या सगळ्या रेसिपींचं पुस्तक जोडायला मी प्रोग्राम लिहिला, आम्ही मित्रमैत्रिणी बनवतोय त्याच छोट्या प्रोग्रामिंगच्या भाषेत. पण आमच्या इंटरप्रिटरला, म्हणजे ती भाषा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला, मराठी नावाची फाईल सापडेचना. मग मी शहाणी, आईलाच सांगून मोकळी झाले, "नावं इंग्रजीत ठेव ना गं."

तिने ठेवली, R7, R9 अशी. आज विचारलं तर म्हणते, "तुझ्या मशीनला वाचता येत नाही, तर मी लिहून ठेवते. त्यात काय एवढं?"

चूक आमचीच. फाईल शोधायच्या आधीच इंटरप्रिटर प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह टाकत होता. दोन तासांत दुरुस्त झालं. इतके महिने का नाही बसले मी?

तपासायला सगळ्यात आधी R7 ला तिचं जुनं नाव परत दिलं, सुंठ कमीवालं. फाईल उघडली. तीच चाचणी कायमची ठेवून दिली: यापुढे आमच्या भाषेत कुणीही काहीही बदललं, तरी ही फाईल उघडल्याशिवाय ते पास होणार नाही.

आईला दाखवलं. खूश झाली. मी पट्टी काढायला गेले, तर म्हणाली, "असू दे गं. परत बिघडलं तर?"