ताई, मी सगळ्यांच्या पुढे आहे

ती. ताईस,

पाय सुजलेल्या धाकट्या भावाचा, वाकता येईल तेवढा नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? भावजींचा खोकला? माझी प्रकृती उत्तम (अंगठ्याचं नख निघालं, पण ते तसंही जुनंच होतं).

तुझी अट मला पाठ आहे. वीस दिवसांची ही डोंगरवाट पुरी केली तर मी माझ्या घरी एकटा राहायला मोकळा. मध्येच बसलो तर तुमची गाडी येणार आणि मी कायमचा तुमच्या मागच्या खोलीत. त्यामुळे रोज सकाळी बुटाची नाडी दोनदा बांधतो. आज बारावा दिवस. काल जे झालं ते दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो.

पहिल्या दिवशी आमच्या वाटाड्या बाईंनी (वय सव्वीस, पोटऱ्या लोखंडी) मला रांगेत सगळ्यांच्या पुढे उभं केलं. मला वाटलं, वयाचा मान. चाळीस वर्षं शिंप्याचं दुकान चालवलेला माणूस, बाईंनी नजर ओळखली असणार. मी लगेच पुढारीपण अंगावर घेतलं. चढ आला, दगड सुटा आहे, पाणी प्या, असं मागच्यांना सांगत सुटलो. धाप लागली की थांबून एखाद्या झाडाकडे बोट दाखवायचो, बिचारे बघायचे. काल एकीचा पाय मुरगळला, तो बांधायला बाई मागे थांबल्या आणि नेमके तिथेच वाटेला दोन फाटे फुटले. पुढाऱ्याला विचारायची सोय नसते. मी छाती काढून डावीकडे वळलो, उरलेले पाच जण निमूट मागे. दोन तासांनी वाट एका बंद खाणीच्या फाटकाशी संपली.

बाई धावत आल्या. रागावल्या नाहीत, हेच वाईट. म्हणाल्या, "काका, जो सगळ्यांत हळू चालतो त्याला आम्ही पुढे ठेवतो. म्हणजे तो मागे राहून हरवत नाही."

(मी एकटा हरवलो नाही, हे मात्र खरं.)

संध्याकाळी मुक्कामावर सगळे आपापले पाय चोळत बसले. मी धरून चाललो की आता माझी रवानगी होणार, तू गाडीची किल्ली हातात घेऊन बसलेली दिसायला लागलीस. हात स्वस्थ बसेनात म्हणून सगळ्यांच्या पाठपिशव्यांचे उसवलेले पट्टे शिवून टाकले. आज सकाळी गुपचूप रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिलो. कुणी हलेना. शेवटी ती पाय मुरगळलेली म्हणाली, "काका, पुढे या ना. निघायचंय." ताई, मला रडू आलं. नाक शिंकरल्याचं नाटक केलं आणि पुढे जाऊन चालू लागलो.

भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : गाडी पाठवू नकोस. मी वाट पुरी करणार.

ता. क. दुसरा : पुरी केली की मी मोकळा, म्हणजे कुठं राहायचं ते माझं मी ठरवणार. माझ्या घरात पुढे या म्हणणारं कुणी नाही. तुमच्या मागच्या खोलीच्या दारातून माझं शिलाईमशीन आत जाईल का, तेवढं मोजून कळव. टेप लावून मोज, अंदाजे नको.