छत्रीची मतं

पुणे, ९ मे १९९९

ती. रुद्राणीआत्तीस,
अमरेशचा शि. सा. न. वि. वि.

दिल्लीतलं सरकार पडलं, पुन्हा निवडणूक आली, म्हणजे तुझा घसा आता बसायला मोकळा झाला. आई म्हणते, मध आणि काळे मिरे आत्तापासूनच घेत जा.

कॉलेजात मी लहान पक्षांवर एक टिपण लिहितोय. तुझ्या ग्रामसत्ता पक्षाची लोकसभेची कामगिरी एका ओळीत मावते: एक्क्याण्णव, शहाण्णव, अठ्ठ्याण्णव, तिन्ही वेळा अनामत जप्त. तोंडावर म्हणायची छाती नाही, म्हणून पत्रात लिहितो. पण एक कोडं आहे. शहाण्णवला गारगोटी-राधानगरीकडं तुला चांगली मतं पडली. दोनच वर्षांनी तिथंच धुव्वा. उमेदवार तूच, भाषणं तीच. मग माणसं गेली कुठं?

राग कमी, लोभ जास्त असावा.

तुझा,
अमरेश

कोल्हापूर, २२ मे १९९९

चि. अमरेश यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या ओळीला माझी जोड दे: तिन्ही वेळा उभा राहिला. ज्यांच्या डोंगरावर पाऊस कोसळतो आणि ज्यांच्या शेतावर धरण बसलं, त्यांच्याच बायका उन्हाळ्यात घागरी घेऊन मैलभर चालतात. हे लोकसभेच्या निवडणुकीत कुणी तरी बोललंच पाहिजे. जिंकणाऱ्यांना बोलायला वेळ नसतो, म्हणून आम्ही हरणारे बोलतो.

पण तुझा प्रश्न वर्मी लागला, कारण तोच प्रश्न आमच्या अध्यक्षांनी घातलाय. नेमिनाथअण्णा. पक्ष त्यांनीच काढला, उचगावात स्वतःच्या दुकानाच्या माळ्यावर. आता ते म्हणतात, लोकांनी आपल्याला सोडलं, पक्ष मोठ्या पक्षात विलीन करून टाकू. चार जुलैला बैठक आहे. तो ठराव झाला तर ग्रामसत्ता संपला. मी ओरडेन, पण तुझे आकडे अण्णांच्या बाजूचे आहेत.

छत्री गेली म्हणून पडलो, असं काही पोरं म्हणतात. आमच्यासारख्या बिनमान्यतेच्या पक्षाला दर वेळी उरल्यासुरल्यातलं चिन्ह घ्यावं लागतं. शहाण्णवला छत्री होती. अठ्ठ्याण्णवला ती आणखी एकानं मागितली, चिठ्ठी त्याची निघाली, आम्हाला शिलाई मशीन आलं. येईना! मी एकाही सभेत चिन्हाचं नाव घेत नाही. माणसांनी विचार करावा म्हणून मी बोलते, चित्रं ओळखावीत म्हणून नव्हे.

वहिनीला सांग, मध संपला. लोभ आहेच, तो निवडून यावा लागत नाही.

तुझी,
रुद्राणीआत्ती

पुणे, ११ जून १९९९

ती. आत्तीस,
शि. सा. न. वि. वि.

त्या छत्रीवाल्याला मी शोधला. बाळासो नावाचा अपक्ष. बाबांनी चौकशी केली, तर म्हणे अर्ज भरून तो जो लेकीकडं गेला, तो मतदान झाल्यावरच परतला. सभा नाही, पत्रक नाही, जीपसुद्धा नाही. कोल्हापूर शहरात त्याला कुत्रंही विचारत नाही. आणि जिथं तुझी मतं आटली, नेमकी तिथंच त्याच्याकडं पूर आलाय.

आता खरं सांग. शहाण्णवला तुम्ही गावोगाव भिंतींवर छत्र्या रंगवल्या होत्या. त्या पुसल्या का?

तरीही एक गोष्ट आकडे सांगत नाहीत. ही माणसं तुझ्यामागं होती, की त्यांना नुसती छत्री आवडत होती? दुसरं खरं असेल तर अण्णांचंच बरोबर. हे पुण्यात बसून कळायचं नाही. तूच जाऊन विचार. मला उत्तराची फार उत्सुकता आहे, आणि थोडी भीतीही.

तुझा,
अमरेश

कोल्हापूर, ६ जुलै १९९९

चि. अमरेश यास,
अनेक आशीर्वाद, आणि एक धपाटा.

गेले. गारगोटीच्या पुढं पहिल्याच गावात चावडीच्या भिंतीवर आपली छत्री. ऑइलपेंट! तीन पावसाळे खाऊन अजून कोरी. अण्णांनी आयुष्यात एवढी एकच गोष्ट भारीतली घेतली, आणि ती बाळासोच्या कामी आली.

समोर तानाबाई राहते, माझी एकही सभा न चुकवणारी. मत कुणाला दिलंस म्हणून विचारलं, तर माझ्यावरच उखडली. व्हय की, छत्रीलाच दिलं, आनि कुनाला देनार, म्हणाली. आमच्या पान्याचं तुमच्याबिगर कोन बोलतंय? तुमचं भाषन ऐकून उठलो आनि रांगंनं जाऊन शिक्का हाणला! मी म्हटलं, अगं, छत्री माझी नव्हती. त्यावर ती म्हणाली, मग भाषनात बोलायला तुमचं त्वांड काय शिवलं हुतं काय?

अमरेश, मी पुढच्या घराकडं वळले. घरोघर तेच ऐकलं. माणसं विचारानंच आली होती. दार कोणतं, एवढंच मी सांगितलं नव्हतं. यापुढं प्रत्येक भाषणाचं पहिलं वाक्य चिन्हाचं.

अण्णांच्या माळ्यावरच्या बैठकीला तानाबाईला घेऊन गेले. तिनं माझी खरडपट्टी काढली तशीच सगळ्यांची काढली. माळा हसून हलला. अण्णा मात्र हसले नाहीत. ठराव मागं घेतो म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत बसले.

सगळे गेल्यावर मी जवळ जाऊन बसले. भांडायच्या तयारीनं. अण्णा हळू आवाजात म्हणाले, की पोरी, लोकांनी सोडलं नाही हे मला मनातून ठाऊक होतं. पण मरायच्या आधी एकदा तरी जिंकलेल्यांच्या मिरवणुकीत गुलालानं माखून चालायचं होतं.

 पक्ष वाचवला, पण तो गुलाल मी त्यांना देऊ शकत नाही, या वर्षीही नाही. माझ्याकडं होती ती एकच गोष्ट मी दिली. म्हटलं, या वेळी उमेदवार तुम्ही. मी नुसती बोलेन.

 ते म्हणाले, हरायला बरी मला पुढं करतेस. आज सकाळी त्यांची सून पद्मावती सांगत आली, की मामंजींनी लग्नातला कोट काढून इस्त्रीला दिलाय, आणि अर्ज भरायला जाताना जीप नको, चालत जायचं म्हणतायत, भर बाजारातून.

तू ये. मिरवणुकीला माणसं कमी पडता कामा नयेत.

तुझी,
रुद्राणीआत्ती