बरणीतली गोळी

मुकादमकाका,

"गोळी बंद केली तर दिवसभर उभी कशी राहू?" असं आई विचारते. मी औषधशास्त्राची पदवीधर, घरातली पहिली. म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे.

कारखान्याच्या इस्त्रीखात्यात डायक्लोफेनॅकच्या, म्हणजे दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांची बरणी तुम्ही मायेनेच ठेवलीत. आई आणि इतर बायका रोज उपाशीपोटी एकेक गोळी घेऊन कामाला लागतात. ही गोळी सूज आणणारी द्रव्यं बनू देत नाही, म्हणून गुडघा गप्प बसतो. पण तसलीच द्रव्यं पोटाचं अस्तर जपतात, आणि गोळी तीही अडवते. आईच्या पोटात जखम झाली आहे. डॉक्टरांनी गोळी थांबवायला सांगितली, तर ती मलाच म्हणते, "तुझी पुस्तकं उभी राहतील का गं माझ्या जागी?"

मी तिच्यासाठी खुर्ची मागितली तेव्हा तुम्ही हसलात. "अगं पोरी, बसून कुठे इस्त्री होते?"

होते, काका. मी घरी दहा शर्ट करून पाहिले.

हे पत्र देत नाही, तुम्ही पुन्हा हसाल. माझ्या अभ्यासाच्या खुर्चीचे पाय मात्र सुताराकडून उंच करून घेतले. आज सकाळी तुम्ही यायच्या आत ती आईच्या टेबलापाशी ठेवून आले. आई बसली आहे.

तुमच्या तिसऱ्या टेबलावरच्या बाईची मुलगी