माझ्या नावाची जाहिरात

डार्लीन,

नव्या मदतनीस बाईबरोबर, सीनाबरोबर, पोहायला गेलेय. चारपर्यंत येईन. भोपळ्याचं सूप फ्रीजमध्ये आहे, गरम करून घे.

मदतनीस शोधायच्या त्या ॲपवर तू माझ्या नावाने काय लिहून ठेवलंयस, ते मला गेल्या आठवड्यात औषधाच्या दुकानात कळलं. काउंटरवरचा ग्रेग शनिवार-रविवार त्याच ॲपवरून मदतनिसाचं काम करतो. सगळ्या रांगेसमोर म्हणाला, "वाचलं हं तुमच्याबद्दल. चित्रकोडी आवडतात ना?" म्हणजे पुढचंही वाचलंच असणार. लघवीची पिशवी कधी बदलायची, आंघोळ आठवड्यातून किती वेळा, आणि वर 'स्वभावाने गोड, त्रास देत नाही'. किळस आली मला. कुत्रं दत्तक देताना लोक असं लिहितात, सख्ख्या बहिणीबद्दल नाही. बावीस वर्षं बॅलरॅट गावातल्या पोरांना गणित शिकवलं मी, त्याबद्दल एक शब्द नाही.

ते सगळं पुसून टाकलंय. नवीन मीच लिहिलं, एकच ओळ: दार वाजवून, मी 'ये' म्हणेपर्यंत बाहेर थांबणारी बाई हवी. सीना ते वाचूनच आली.

तुलाही अर्ज करता येईल.

मॉरीन