चारचा उजेड

३ नोव्हेंबर, सोमवार

कॅमेऱ्यात रोल आहे! कपाट आवरताना कॅमेरा हातात आला. वरचा आकडा छत्तीसच्या पुढे जाऊन थांबलाय. म्हणजे पूर्ण काढलेला, धुवायचा राहिलेला.

ह्यांना जाऊन आज तेवीस दिवस.

सकाळी फोटोग्राफर संघटनेचे अध्यक्ष येऊन गेले. सोळा तारखेला, रविवारी, संघटनेच्या हॉलमध्ये ह्यांचा फोटो लावायचाय, गेलेल्या सभासदांच्या रांगेत. "वहिनी, साधा एक फोटो द्या." साधा एक! तीस वर्षं स्टुडिओ चालवला, सगळ्या गावाचे चेहरे टिपले, स्वतःचा म्हणून एक नाही. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा," अध्यक्ष म्हणाले.

मोठ्या नणंदबाई बसल्या होत्या. "ओळखपत्रावरचा द्या. त्यात माझा भाऊ दरोडेखोर दिसतो, पण दिसतो तरी!" दवाखान्यातली ह्यांच्या सामानाची पिशवी अजून त्यांच्याकडेच आहे. त्यांनी दिली नाही, मी मागितली नाही.

या रोलमध्ये ह्यांचा फोटो आहे. नक्की आहे. मी शेजारीच बसले होते.

४ नोव्हेंबर

लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

आजार कळल्यापासून रोज चार वाजता मला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवायचे. "चारचा उजेड फुकट घालवू नये." खिडकीला पातळ पांढरा पडदा. दुसऱ्या बाजूला खुर्चीवर चादर, सावलीतला गाल उजळायला. "नाकाची सावली ओठावर नको. हनुवटी खाली. अजून. डोळ्यात खिडकी दिसली पाहिजे, नाहीतर डोळा मेलेला दिसतो. आता हलू नको." मग अर्धा श्वास सोडून बटण दाबायचे. रोज एकच फोटो. मी कुरकुरायची. केस विंचरलेले नाहीत, गॅसवर दूध आहे – काही ना काही.

दोन महिने रोज एक, आणि रोल छत्तीसचा? दवाखान्याच्या खेपांचे दिवस वजा केले की जमतं बहुतेक.

एकदा टायमर लावून शेजारी येऊन बसले. दहा सेकंद. माझ्या खांद्यावर हात ठेवला. आमच्यात तशी सवय नव्हती. मी समोर बघत राहिले.

तोच फोटो हवाय.

६ नोव्हेंबर

अध्यक्षांचा फोन. "रोल माझ्याकडे द्या, मोठ्या लॅबला पाठवतो." मी "बघते" म्हटलं.

नाही देणार. तो खांद्यावरचा हात परक्या माणसाने आधी का बघायचा? मीच धुणार. वीस वर्षं डार्करूममध्ये प्रिंटचे कागद मीच धुतले. फिल्मला मात्र हात लावू द्यायचे नाहीत. "कागद बिघडला तर दुसरा काढता येतो. फिल्म एकदाच!"

८ नोव्हेंबर, शनिवार

वाया गेलेला एक जुना रोल घेऊन डोळे मिटून धुवायच्या डब्यातल्या रिळावर चढवायचा सराव करतेय. अंधारात हे बोटांनीच जमवावं लागतं. वेटोळी एकमेकांना चिकटली की तेवढ्या भागावर औषध पोचत नाही – फोटो गेला. सात वेळा केलं. तीनदा अडकलं.

नणंदबाई डोकावल्या. "डोळे मिटून काय लोकर विणताय?" मग स्वतः करून बघितलं. फिल्म त्यांच्या बांगड्यांत गुंतली. "जळ्ळं तुमचं शास्त्र!" – हे गेल्यापासून पहिल्यांदाच आम्ही दोघी हसलो.

डार्करूमच्या दाराला आतून ह्यांच्या अक्षरातला कागद आहे. डेव्हलपर वीस अंश. नऊ मिनिटं. दर मिनिटाला डबा चारदा उलटा. खाली लाल शाईत: लाल दिवा कागदासाठी. फिल्मला कुठलाच दिवा नाही!

११ नोव्हेंबर, मंगळवार

काय केलं मी.

दुपारी दाराच्या फटीला सतरंजी लावली. फिल्म उलट गुंडाळताना कॅमेऱ्यावरची खुंटी दोन फेऱ्यांतच हलकी झाली. एवढ्या लवकर? म्हटलं, जुना कॅमेरा. अंधारात रोल काढला, रिळावर चढवू लागले. निम्मी चढली. हाताला घाम. फिल्म अडकली, उरलेली निसटून टेबलाखाली गेली – रीळ पदरात दाबून धरलं आणि माझा दुसरा हात आपोआप वर गेला. वीस वर्षांची सवय. काही सांडलं की दिव्याची दोरी ओढायची.

लाल उजेड! मला टेबल दिसलं, फिल्म दिसली, माझे हात दिसले.

एक सेकंद. फार तर दोन.

चाचपडत उरलेली चढवली. डबा बंद केला. पुढे धीर झाला नाही.

१२ नोव्हेंबर

डबा तसाच आहे. कुणाला सांगितलं नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

धुतला. वीस अंश, नऊ मिनिटं, एक सेकंद इकडेतिकडे नाही. मग फोटो पक्का करणारा हायपो. मग झाकण.

उजेड लागलेली फिल्म काळी होते. रिळाबाहेर राहिली होती तेवढी काळीठिक्कर आहे. ते माझं पाप. पण उरलेली? रिळावर सुखरूप असलेली निम्मी? काचेसारखी कोरी! कडेला कारखान्यात छापलेले आकडे स्वच्छ उमटलेत, म्हणजे धुण्यात चूक नाही. फोटो मात्र नाही. एकही नाही.

म्हणजे फिल्म भिंगापुढून कधी सरकलीच नाही. चाकावर नीट अडकली तर पुढे ओढताना वरची खुंटी फिरते. नाही फिरली तर फिल्म जागेवरच. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी सांगायचे. "आकड्यावर विश्वास ठेवू नका. खुंटी बघा."

आणि स्वतः बघितली नाही? हाताला कंप होता शेवटी. नजरही गेली असेल.

सगळ्या रोलवर उजेड उमटला तो एवढाच. माझ्या चुकीचा.

१४ नोव्हेंबर

अध्यक्षांना फोन केला. "रोल माझ्या हातून गेला. लाल दिवा लागला."

अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, मी म्हटलं होतं, लॅबला द्या."

"हो," म्हटलं. खोटं काही बोलले नाही. पण खुंटीचं सांगितलं नाही. ज्या हॉलमध्ये ह्यांचे शिष्य बसणार तिथे ही गोष्ट जायला नको. बोल मला लागू दे.

नणंदबाई म्हणाल्या, "एकच तर फोटो होता माझ्या भावाचा!"

१६ नोव्हेंबर, रविवार

ओळखपत्रावरचा लागला. दरोडेखोरच दिसतात.

घरी येताना नणंदबाईंनी दवाखान्यातली पिशवी दिली. "रागावून बोलले. ठेवून घ्या." आत चष्मा, रुमाल, आणि खिशात मावणारी वही. रोजच्या चारच्या उजेडाची नोंद. एकसष्ट दिवस. टायमरच्या दिवशी लिहिलंय: "शेजारी बसलो. दहा सेकंद मिळाले."

पहिल्या पानावर: "खुंटी फिरत नाही. फिल्म अडकलेली नाही. पुन्हा भरली तर छत्तीसला संपेल, आणि रोजचं बसणंही. राहू दे."