केबिनचा दिवा

सोमवार, ४

खुर्चीबद्दल गंभीर तक्रार नोंदवायची आहे, आणि ती ऐकून घ्यायला या पानाशिवाय कुणी नाही. विभागप्रमुखाची केबिन मिळाली, तिच्याबरोबर जुन्या साहेबांची खुर्चीही आली. ते निवृत्त झाले, ती झाली नाही. त्यांच्या पाठीचा खड्डा तिच्यात कायमचा पडलाय आणि काही केल्या ती खाली येत नाही. माझे पाय अधांतरी. बायकांना वर जायला जागा नसते म्हणतात. आहे की! पाय टेकायला तेवढी नाही.

पद अजून हंगामीच. माझ्या वरचे थोरले साहेब म्हणाले, "तीन महिने बघू. जमलं तर पत्र देऊ." पुरुषांना आधी पत्र देतात, मग बघतात. असो. मी खूश आहे. फारच.

बुधवार, ६

काय माणसं आहेत माझी! आमची कंपनी पुठ्ठ्याची खोकी बनवते, अवकाशयानं नव्हे. तरी साडेसात वाजले तरी एकजण जागचा हलत नाही. मग मी कशी उठू? लगेच म्हणतील – बाई आहे, घराची ओढ. बसले. टाचण्या रंगांप्रमाणे लावल्या.

सासूबाईंचा फोन. "अंथरूण तिथंच पाठवू का? आमची जेवणं झाली. तुझं झाकून ठेवते."

गुरुवार, ७

पुन्हा तेच. टाचण्या आता आकाराप्रमाणे.

मंगळवार, १२

संध्याकाळी उशिरा केबिनमधलं पाणी संपलं म्हणून बाहेर आले. वसुलीचं काम बघणारा गृहस्थ उघड्या डोळ्यांनी झोपला होता. खोक्यांचे आराखडे काढणारा पडद्यावर पत्ते खेळत होता. आणि धाकटी – आमच्यातली सगळ्यात नवी – मांडीवर पिशवी घेऊन मटार सोलत होती.

"काम राहिलंय का गं?"

"नाही मॅडम. साडेपाचलाच संपलं."

"मग घरी का जात नाहीस?"

तिनं वसुलीवाल्याकडे बघितलं. तो जागा झाला. "मॅडम, तुमचा दिवा चालू आहे ना. केबिनचा दिवा बंद झाल्याशिवाय इथं कुणी उठत नाही. जुन्या साहेबांपासूनची रीत."

"अहो, पण मी तुमच्यासाठी बसलेय!"

मग वसुलीवाला हसत सुटला, आराखडेवाल्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, धाकटीच्या मांडीवरची पिशवी कलंडली. टेबलांखाली रांगत चौघांनी मटार वेचले. यांची प्रमुख झाल्यासारखं मला पहिल्यांदा तिथं, जमिनीवर, वाटलं.

बुधवार, १३

आजपासून दिवा सहाला बंद, असं जाहीर केलं. सगळे आनंदले. वसुलीवाला मात्र मागे रेंगाळला.

"मॅडम, थोरल्या साहेबांची खिडकी बरोब्बर समोर आहे. ते दिवा बघतात. जुने साहेब त्यांना उगाच नव्हते आवडत. तुमचं पत्र व्हायचंय अजून."

पत्र मला हवंय. उगाच साधूपणाचा आव कशाला आणू? पण टाचण्या लावायला आता तिसरा प्रकारही सुचत नव्हता.

सहाला बटण दाबलं. बाहेर चक्क उजेड होता. संध्याकाळ अशी दिसते, हे विसरूनच गेले होते.

शुक्रवार, १५

थोरल्या साहेबांनी बोलावलं. "दोन दिवस बघतोय, सहानंतर तुमच्याकडे अंधार."

"हो साहेब. माल वेळेवर गेलाय, एकही खोकं परत आलेलं नाही. पण उजेडच हवा असेल, तर दिवा चालू ठेवून जात जाईन."

जीभ ताब्यात राहत नाही, त्याला मी काय करू? ते खिडकीबाहेर बघत राहिले. मनात म्हटलं, गेलं पत्र.

मग आवाज खाली आणून म्हणाले, "विभाग बसलेला असताना वरिष्ठानं उठून जायचं कसं, म्हणून मीही बसायचो हो. परवा तुमचा दिवा गेला आणि मी सव्वासहाला घरी. बायको म्हणाली, बरं नाही का?"

हसू दाबता दाबता माझा जबडा दुखला.

दाराशी पोचले तेव्हा मागून म्हणाले, "तीन महिने कशाला? पत्र सोमवारी घेऊन जा. कायमचं."

शनिवार, १६

ताटं घेताना नवरा सहज बोलून गेला, "बरं झालं, आई आता वेळेवर जेवते. तू येईपर्यंत थांबायची. तुला सांगू नको म्हणाली होती."

सासूबाईंचं ताट आधी वाढलं, शेजारी बसले, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत उठले नाही.